‘राहू दे’ म्हणजे नेमके काय?

(द्वितीय वर्ष, कला)

व्यवहार चोख असावा, असे आपल्याकडे सगळेच म्हणतात. आणि प्रत्यक्ष व्यवहाराची वेळ आली की ‘आपल्यात कागद कशाला?’ असेही सगळेच म्हणतात. ही दोन्ही वाक्ये एकाच तोंडातून, कधी कधी एकाच दिवशी निघतात, आणि त्यात काही विसंगती आहे असे कुणाला वाटत नाही. या लेखात मला दुसऱ्या वाक्याविषयी लिहायचे आहे. विषय तसा अगदी घरगुती, किंबहुना गल्लीतला आहे : जुनी मोटारगाडी ओळखीच्या माणसाला हप्त्याने विकणे. आपल्या वार्षिकात पावसाळा, श्रावण आणि विद्यार्थ्यांची बेशिस्त यांवर लेख येतात, मोटारीच्या हप्त्यावर येत नाहीत. पण आमच्या घरी पावसाळ्यापेक्षा हप्त्याची चर्चा अधिक झालेली आहे, तेव्हा मला जे माहीत आहे त्यावरच मी लिहिणार.

मुलुंडमध्ये मोटार असणारे आणि मोटार चालवणारे असे दोन वर्ग आहेत. झवेर रोड, सरोजिनी नायडू रोड, पाच रस्ता या बाजूला मोटारी राहतात. त्या चालवणारे, धुणारे, दुरुस्त करणारे लोक अमरनगर, खिंडीपाडा, हनुमानपाडा, गवाणपाडा अशा वस्त्यांतून सकाळी निघून तिकडे जातात. काही वर्षांनी पहिल्या वर्गातली मोटार जुनी होते, मालक नवी घेतो, आणि जुनी मोटार हळूच दुसऱ्या वर्गात उतरते. ड्रायव्हरकडे, गॅरेजवाल्याकडे, इस्त्रीवाल्याच्या थोरल्या मुलाकडे. उतरताना ती रोख पैशाने क्वचितच उतरते. दहा-बारा वर्षांच्या गाडीला बँक सहसा कर्ज देत नाही. आणि आमच्यासारख्यांना नव्या गाडीलाही देताना पगारपत्रक मागते, जे आमच्या बापाने उभ्या आयुष्यात पाहिलेले नाही. मग उरतो तो शब्द. ‘थोडे आता दे, बाकीचे दरमहा दे.’

ही पद्धत वाईट आहे असे माझे मुळीच म्हणणे नाही. ती नसती तर आमच्या दारात मोटार कधी आलीच नसती. पतपेढीचे उंबरठे न झिजवता, व्याज न भरता, एक माणूस दुसऱ्यावर भरवसा टाकतो आणि वस्तू गरजेच्या ठिकाणी पोचते, ही गोष्ट चांगलीच आहे. माझी तक्रार आहे ती या पद्धतीला चिकटलेल्या एका नियमाविषयी. हा नियम आमच्या गल्लीत इतका पक्का आहे की तो कुणी केला हेही कुणी विचारीत नाही : ‘गाडी आज, नाव शेवटच्या हप्त्याला.’ म्हणजे गाडी घेणाऱ्याने आज घेऊन जावी, आर.सी. मात्र विकणाऱ्याच्या नावावरच राहील. सगळे पैसे फिटले की मग ट्रान्सफर. विकणाऱ्याला वाटते की नाव आपले आहे तोवर गाडी आपली आहे. घेणाऱ्याला वाटते, गाडी आपल्या दारात आहे म्हणजे ती आपली आहे. दोघेही सुखाने झोपतात. माझे मत असे की दोघांनीही झोपू नये.

आमचीच हकीकत सांगते.

माझे वडील मुलुंड पश्चिमेला एका शेठकडे ड्रायव्हर होते. २०१८ च्या जुलैत शेठनी नवी गाडी घेतली आणि २०१२ सालची वॅगन-आर बाबांना दीड लाखाला दिली. सहा हजार हातात आणि चार हजारांचे छत्तीस हप्ते, पगारातून कापून. कागद काहीच नाही. बाबांना तो बहुमान वाटला, आणि तो होताही. शेठनी त्यांना ‘अकरा वर्षांचा माणूस’ म्हणून गाडी दिली होती. बाजारात त्यांना तिचे अधिक पैसे सहज मिळाले असते. आमच्या घरातली ती पहिली चारचाकी. आई पोळी-भाजीचे डबे करते, ते डबे त्या गाडीतून जाऊ लागले. रविवारी गाडी धुताना बाबा जे गाणे म्हणत ते मी अन्यथा कधी ऐकलेले नाही.

पुढे २०२० चा मार्च आला. टाळेबंदी. शेठ घरात, गाडी खाली, बाबा अमरनगरात. एप्रिलमध्ये शेठचा फोन आला. अर्धा पगार पाठवतो म्हणाले, आणि पुढे म्हणाले, “हप्त्याचं राहू दे आता.” बाबांनी फोन ठेवला आणि आईला सांगितले, “माणूस देव आहे.” एप्रिल, मे, जून, जुलै असे चार महिने हप्ता कापला गेला नाही.

२०२१ च्या जूनमध्ये बाबांच्या हिशेबाने गाडी फिटली. शेठच्या हिशेबाने चार हप्ते बाकी होते.

यात लबाड कोणीही नव्हते, आणि म्हणूनच हा प्रसंग मला लिहावासा वाटला. शेठच्या वहीत त्या चार महिन्यांपुढे रेघ होती, म्हणजे त्यांच्या मते हप्ते पुढे ढकलले होते. बाबांच्या डोक्यात ते माफ झाले होते. ‘राहू दे’ या दोन शब्दांत दोन्ही अर्थ आहेत. दुकानदार सुट्टे नसले की ‘राहू दे’ म्हणतो तेव्हा तो रुपया सोडतो. आई ‘भांडी राहू दे’ म्हणते तेव्हा ती भांडी नंतर घासायचीच असतात. मराठीच्या तासाला आपण शब्दशक्ती शिकतो, अभिधा, लक्षणा, व्यंजना. त्या चार महिन्यांत व्यंजनेची किंमत सोळा हजार रुपये झाली. बाबांनी वाद घातला नाही. नोकरी त्याच घरची, गाडीचे नाव त्याच घरचे. वाद घालण्याची जागाच नव्हती. ऑक्टोबरपर्यंत आणखी चार हप्ते कापले गेले आणि डिसेंबरात गाडी नावावर झाली. शेठ आजही दिवाळीला मिठाई पाठवतात. पण त्या जूननंतर बाबा त्यांना ‘देव’ म्हणाले नाहीत. एक चांगला संबंध होता, तो सोळा हजारांत थोडा उणा झाला. आणि तो उणा होण्याची काही गरज नव्हती. एका ओळीने काम भागले असते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. मी कायद्याची विद्यार्थिनी नाही. पण ग्रंथालयात बसून जे वाचता येते ते वाचले, आणि गल्लीतला नियम त्यापुढे टिकत नाही असे मला दिसले.

आपल्या देशात वस्तू विकण्याचा कायदा १९३० सालचा आहे. त्याच्या २० व्या कलमाचा आशय असा : ठरलेली वस्तू, द्यायला तयार असलेली, कोणतीही अट न घालता विकली, तर सौदा झाला त्याच क्षणी मालकी घेणाऱ्याकडे जाते, पैसे नंतर द्यायचे ठरले असले तरीही. म्हणजे ‘गाडी आज, पैसे हप्त्याने’ एवढेच बोलून गाडी दिली तर ती विकणाऱ्याची उरत नाही. त्याचे उरते ते फक्त येणे. मालकी आपल्याकडे ठेवायची असेल तर तशी अट सौद्यात असावी लागते, आणि तोंडी घातलेली अट उद्या सिद्ध कोण करणार? तेव्हा आर.सी.वर आपले नाव आहे म्हणून हप्ता थकताच किल्ली फिरवून गाडी परत आणू, असे ज्यांना वाटते त्यांनी जरा थांबावे. नावाने तो हक्क आपोआप मिळत नाही.

मग नाव राहिल्याने मिळते काय? जबाबदारी मिळते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ‘मालक’ म्हणजे ज्याच्या नावावर वाहन नोंदलेले आहे तो, अशी व्याख्या आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये ‘नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार’ या खटल्यात हाच प्रश्न निकालात काढला. एक मोटार २००७ साली विकली गेली, तिथून दुसऱ्याकडे, तिसऱ्याकडे, चौथ्याकडे गेली. नाव मात्र पहिल्याचेच राहिले. २००९ साली तिच्याखाली एक मूल दगावले. नुकसानभरपाई कोणी द्यायची? न्यायालयाने सांगितले, ज्याचे नाव नोंदीत आहे त्याने. अपघातात सापडलेल्या कुटुंबाने मोटार किती हातांतून गेली हे शोधत फिरावे, अशी कायद्याची अपेक्षा नाही. मला हा निकाल न्यायाचा वाटतो. पण अमरनगरातून पाहिले तर त्याचा अर्थ भयंकर आहे. ज्या माणसाने गाडी दोन वर्षांपूर्वी विकली, जिचे पैसेही अजून त्याला पुरते मिळाले नाहीत, तिच्या अपघाताची भरपाई त्याच्या दारात येऊ शकते. विम्याचे नूतनीकरण घेणाऱ्याने केले नसेल तर विचारायलाच नको.

त्याच कायद्यात एक अपवाद आहे, आणि तो मुद्दाम सांगते. भाडे-खरेदीचा किंवा गहाणाचा करार असेल तर ज्याच्या ताब्यात वाहन आहे तो मालक समजला जातो. म्हणजे कायद्यालाही हप्त्याचा व्यवहार परका नाही. पण त्याला करार हवा. आपण देतो शब्द.

लहान गोष्टींची यादी मोठी आहे. सिग्नल तोडल्याचे ई-चलन नोंदीतल्या मालकाच्या नावाने येते. फास्टॅग काढला नाही तर टोलनाक्यावर पैसे जुन्या मालकाच्या खात्यातून जातात. मुलुंडच्या नाक्यांवर ऑक्टोबर २०२४ पासून हलक्या वाहनांना टोल नाही, त्यामुळे आमच्याकडे हे चटकन ध्यानात येत नाही; गाडी पुण्याला निघाली की येते. आणि मोठी गोष्ट म्हणाल तर तीही आमच्या दाराजवळची आहे. २५ फेब्रुवारी २०२१ ला दक्षिण मुंबईत एका उद्योगपतीच्या घराजवळ जिलेटिनच्या कांड्या ठेवलेली मोटार सापडली. ती काही दिवसांपूर्वी मुलुंड-ऐरोली रस्त्यावरून चोरीला गेल्याची तक्रार होती. विधानसभेत तेव्हा सांगण्यात आले की मोटार कागदावर एकाची होती, आणि कामाचे पैसे न मिळाल्याने ती दुसऱ्याने आपल्याकडे ठेवली होती. पुढचे सगळे वर्तमानपत्रांत आलेच आहे. मला त्यातली एवढीच गोष्ट येथे हवी आहे : नाव एकाचे, ताबा दुसऱ्याचा आणि मध्ये थकलेले पैसे, ही स्थिती आमच्या भागात अगदी नेहमीची आहे.

आता घेणाऱ्याच्या बाजूने पाहा. तो दरमहा पैसे देतो आणि त्याच्या नावावर काहीही नसते. विकणारा उद्या वारला तर त्याच्या मुलांना हा सौदा ठाऊक असेलच असे नाही. विकणाऱ्याने कुणाकडून कर्ज उचलले तर त्याची मालमत्ता म्हणून हीच गाडी दिसते. बाबांची नोकरी २०१९ साली गेली असती तर? हा प्रश्न मी त्यांना एकदा विचारला. ते म्हणाले, “गेली नाही ना?” आमच्या घरातली ही नेहमीची युक्तिवादाची पद्धत आहे.

तेव्हा माझे म्हणणे सरळ आहे. हप्त्याने गाडी विकावी, खुशाल विकावी. पण नाव पहिल्या दिवशी बदलावे आणि पैशाचा कागद वेगळा करावा. नाव हे तारण म्हणून धरून ठेवू नये, कारण ते तारण नाहीच. कायद्यानेही विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांच्या आत नोंदणी कार्यालयाला कळवायचे असते आणि घेणाऱ्याने तीस दिवसांच्या आत. २९ आणि ३० नंबरचे फॉर्म, एवढेच. आमच्याकडे हे फॉर्म कोरे ठेवून त्यावर नुसत्या सह्या करून देण्याची जी चाल आहे, ती तर सर्वांत वाईट. कोऱ्या फॉर्मवर सही म्हणजे गाडी कुणाकडे जाईल हे न बघता तिला रस्त्यावर सोडणे.

हे सगळे मी बाबांना सांगितले ते मागल्या वर्षी, २०२५ च्या जूनमध्ये. कारण आता विकण्याची पाळी आमची होती. बाबांनी नोकरी बदलली होती, गाडी दिवसभर उभी राहू लागली होती, आणि आईला मोठा ग्राइंडर हवा होता. गल्लीतलाच एक मुलगा, ए.सी. दुरुस्तीची कामे करतो, बाबांना काका म्हणतो, तो गाडी घ्यायला तयार झाला. पंचाऐंशी हजार : पंचवीस हजार हातात, पाच हजारांचे बारा हप्ते. मी म्हटले, “बाबा, नाव लगेच त्याच्यावर करू आणि पैशाचा कागद करू.” बाबा माझ्याकडे असे पाहू लागले की जणू मी त्या मुलाला चोर म्हटले होते.

ते म्हणाले, “मी काय शेठ आहे त्याचा?”

आणि थोड्या वेळाने म्हणाले, “कागद आपल्या बाजूनं बोललाय कधी?”

या प्रश्नाला उत्तर देणे सोपे नाही. माझ्या वडिलांनी आयुष्यात ज्या कागदांवर सह्या केल्या ते सगळे दुसऱ्याने लिहिलेले, दुसऱ्याच्या भाषेतले आणि दुसऱ्याच्या सोयीचे होते. खोली खाली करण्याचा कागद, दवाखान्यातला संमतीचा कागद, कर्जाचा कागद. ‘इथे सही करा’ म्हणताना समोरचा माणूस नेहमी बोट ठेवतो, वाचून कधी दाखवत नाही. अशा माणसाने शब्दावर भरवसा ठेवणे हा अडाणीपणा नव्हे, तो त्याचा अनुभव आहे. शब्द निदान त्याच्या भाषेत असतो.

इतिहासाच्या तासाला आपण दख्खनचे दंगे शिकलो. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी शेतकरी सावकारांवर चालून गेले. त्यांना हवे होते कर्जरोखे. ते त्यांनी हिसकावले आणि जाळले. अनेक गावांत असे दिसले की सावकाराने रोखे मुकाट्याने दिले तर त्याच्या अंगाला कुणी हात लावला नाही. राग माणसापेक्षा कागदावर होता. परीक्षेत आपण याची कारणे क्रमाने लिहितो आणि गुण मिळवतो. पण बाबांचा तो प्रश्न ऐकल्यावर मला सुप्याची माणसे प्रथमच ओळखीची वाटली.

मात्र त्या गोष्टीचा पुढचा भाग आपण घाईने वाचतो. दंग्यांनंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला, त्यात पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांपुरता इलाज ठरवला गेला. तो इलाज ‘कागद नको’ असा नव्हता. शेतकऱ्याचा दस्त सावकाराने आपल्या ओसरीवर बसून लिहू नये, गावच्या निबंधकासमोर लिहिला जावा, असे त्यात होते. आणि दिलेल्या पैशाची पावती व हिशेब मागण्याचा हक्क शेतकऱ्याला होता. तो कायदा कितपत यशस्वी झाला यावर सरांचे मत निराळे आहे आणि ते बरोबरही असेल. पण त्यातली एक गोष्ट मला पटते. ज्या कागदाने माणूस नागवला, त्याला उत्तर म्हणून दोघांना वाचता येईल आणि दोघांकडे राहील असा कागद पुढे आला.

हप्त्याच्या बाबतीत असाच विचार विलायतेतही झाला होता. १९३८ साली एलन विल्किन्सन या मजूर पक्षाच्या खासदार बाईंनी तेथे भाडे-खरेदीचा कायदा संमत करून घेतला. ठरावीक किमतीपर्यंतच्या वस्तूंचे एक-तृतीयांश पैसे फिटले असतील, तर पुढचा हप्ता चुकला म्हणून विक्रेत्याला न्यायालयाच्या हुकुमावाचून वस्तू उचलून नेता येणार नाही, अशी त्यात तरतूद होती. त्याआधी शेवटचे दोन हप्ते राहिले असतानाही घरातले सामान उचलून नेले जाई. आपल्याकडे १९७२ साली भाडे-खरेदीचा कायदा संसदेने केला, पण तो कधी अंमलातच आला नाही, आणि २००५ साली रद्द झाला. तेहेतीस वर्षे एक कायदा नुसता ‘राहू दे’ म्हणून ठेवला गेला होता, असे म्हणायला हरकत नाही.

असो. बाबांशी वाद तीन दिवस चालला. तो तत्त्वाने सुटला नाही, आईने सोडवला. ती म्हणाली, “त्या पोराला विचारा की. त्याला कागद हवा असेल तर?” मुलाला विचारले तर तो लगेच म्हणाला, “काका, कागद असला तर बरंच होईल. माझ्या घरी कोणी मानतच नाही की गाडी मी घेतली.” म्हणजे ज्याचा अपमान होईल म्हणून बाबा कागद टाळत होते, त्यालाच तो हवा होता! मला वाटते, असे बहुधा नेहमीच असते. ‘आपल्यात कागद कशाला?’ हे वाक्य आपण लक्षपूर्वक ऐकावे. ते नेहमी देणारा म्हणतो, वडीलधारा म्हणतो, मालक म्हणतो. घेणारा मान हलवतो. दुसरे तो काय करणार?

कागद मी मराठीत लिहिला. पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर (ऑक्टोबर २०२४ पर्यंत तो शंभराचा चाले; यावर बाबांचे भाष्य छापण्याजोगे नाही). गाडीचा नंबर, इंजिन आणि चासीचे नंबर, किंमत, इसार किती, हप्ता किती, कोणत्या तारखेला. नाव लगेच बदलायचे, विमा घेणाऱ्याने आपल्या नावाने करून घ्यायचा, ताबा दिल्याची तारीख आणि वेळ. वेळसुद्धा, कारण त्या सकाळी एखादे चलन लागले असेल तर ते कोणाचे? बाकी साठ हजारांची वेगळी वचनचिठ्ठी. त्याने बँकेचे काही पुढच्या तारखांचे धनादेश देऊ केले. ते वटले नाहीत तर फौजदारी होऊ शकते, हे मी त्याला वाचून दाखवले, तेव्हा तो जरा गप्प झाला, आणि बाबांनी ते घेतले नाहीत. मला हा त्यांचा निर्णय आवडला. हप्ते मोबाइलवरून यायचे ठरले, आणि दर वेळी ‘गाडी हप्ता’ व त्याचा क्रमांक एवढे लिहायचे. मोबाइलने गरिबाला कधी नव्हे ती फुकटची पावती दिली आहे. तिचा उपयोग करून घ्यावा. आर.सी.वर गहाणाची नोंद करून घेण्याची वाटही कायद्यात आहे, आणि तशी नोंद असली की देणेकऱ्याला ज्याचे पैसे येणे आहेत त्याच्या लेखी संमतीवाचून गाडी पुढे कुणाच्या नावावर करता येत नाही. पण साठ हजारांसाठी एवढे नको, असे दोघांचेही मत पडले.

सर्वांत जास्त वेळ एका कलमाला लागला. हप्ता चुकला तर काय? बाबा म्हणाले, चुकणार नाही. मुलगा म्हणाला, पावसाळ्यात ए.सी.ची कामे बंद असतात, चुकू शकतो. मग लिहिले : वर्षात दोन वेळा हप्ता एक महिना पुढे ढकलता येईल, आधी सांगून. ढकललेला हप्ता माफ नव्हे, तो शेवटी जोडला जाईल. माफ करायचा असेल तर ‘माफ’ असा शब्द लिहून, तारीख घालून, खाली सही करावी. लागोपाठ तीन हप्ते राहिले तर दोघांनी आणि दोन साक्षीदारांनी बसून गाडीची त्या दिवशीची किंमत ठरवावी. गाडी परत घेतल्यास भरलेल्या पैशांतून वापराचे ठरलेले पैसे वजा जाता बाकी परत द्यावी. हे कलम न्यायालयात कितपत टिकेल, हे मला सांगता येत नाही. आमच्या ओट्यावर टिकेल.

कारण हा आक्षेप मला अनेकांनी घेतला, दोन प्राध्यापकांनीही : पाच हजारांसाठी कोर्टात जाणार कोण? वकिलाची फी त्याहून मोठी. हे अगदी खरे आहे. येणे वसूल करायला तीन वर्षांची मुदत असते, आणि ती तीन वर्षे लोक एकमेकांशी अबोला धरण्यात घालवतात. पण कागद कोर्टासाठीच असतो हा समज सुशिक्षितांचा आहे. आमचा कागद दोन माणसांच्या आठवणीसाठी आहे. आठवण प्रत्येकाची आपापल्या बाजूने झुकते, आणि प्रत्येकाला ती प्रामाणिकच वाटते. शेठना वाटली, बाबांना वाटली.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. कागदाने माणसांतला ओलावा जातो, सगळे हिशेबी होते, खेड्यातला शब्द शहरात राहिला नाही, वगैरे. हे म्हणणाऱ्यांविषयी मला आदर आहे, पण त्यांतले बहुतेक जण स्वतःचा फ्लॅट नोंदणीकृत करारानेच घेतात. ओलावा फक्त आमच्या वाट्याला का?

हे लिहीपर्यंत आठ महिने झाले आहेत. सहा हप्ते वेळेवर आले. ऑगस्टचा एक पुढे गेला. डिसेंबरात मुलाची आई आजारी होती, तेव्हा तो रात्री आला आणि काही बोलण्याआधीच बाबा म्हणाले, “राहू दे रे.” मग ते थांबले. आत गेले, पत्र्याच्या पेटीतून कागद काढला, मागच्या बाजूला लिहायला लावला. मला नव्हे, त्या मुलालाच : ‘डिसेंबर हप्ता पुढे. माफ नाही.’ खाली दोघांच्या सह्या. त्यानंतर बाबांनी त्याला चहा दिला आणि दवाखान्यासाठी दोन हजार रुपये वेगळे दिले. त्याचा मात्र कागद केला नाही. मी विचारले तर म्हणाले, “ते गाडीचे नाहीत.”

आमच्या त्या कागदाची नक्कल, नावे व नंबर झाकून, मी मराठी विभागात ठेवली आहे. ज्यांच्या घरी असा व्यवहार व्हायचा असेल त्यांनी ती उतरवून घ्यावी. कायदा शिकलेल्या कुणी प्राध्यापकांनी ती एकदा तपासून दिली, तर ढकललेल्या हप्त्यांच्या कलमाविषयी माझ्या दोन शंका आहेत, त्या मला विचारायच्या आहेत.